नव्या वायफायला कानसाहेबांचा विरोध

घरात नवीन वायफाय घ्यायचं की नाही, ह्या प्रश्नावर कानसाहेबांचं मत पहिल्या मिनिटालाच ठरलं होतं. नाही. कारणं शोधायला त्यांना पुढे चार दिवस लागले, पण मत आधी आणि कारणं मागून, हा क्रम काही त्यांनी एकट्यानं शोधून काढलेला नाही.

कानसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. छत्तीस वर्षं ते टेलिफोन खात्यात लाईनमन होते आणि हे नाव खात्यातल्या लोकांनी ठेवलं होतं. खांबावर चढायचं, टेस्टिंगचा फोन तारेला लावायचा, डोळे मिटायचे आणि निदान सांगून मोकळं व्हायचं. केबलमध्ये पाणी शिरलंय. जोड सैल झालाय. दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. बाकीचे लोक मीटर लावून जे अर्ध्या तासात सांगत, ते कानसाहेब नुसत्या खरखरीवरून सांगत. एकदा तर खरखर ऐकून, तार कुठल्या गल्लीत उंदरानं कुरतडली आहे तेही त्यांनी सांगितलं होतं. उंदीर निघाला नाही, घूस निघाली, पण गल्ली बरोबर होती. हा किस्सा घरातल्या प्रत्येकानं किमान वीस वेळा ऐकला होता. सुनेनं तर लग्न ठरायच्या आधीच दोनदा ऐकला होता आणि तरी ती ह्या घरात आली, हे तिचं धाडस.

तर अशा माणसाला ऐकू येईनासं झालं.

एका दिवसात नाही. आधी घड्याळाचा गजर गेला, मग दाराची घंटा, मग पाखरं. सगळे बारीक आवाज एकेक करून न सांगता निघून गेले. जाडे आवाज राहिले. मुलाचा आवाज यायचा, कारण तो शेजारच्या खोलीतल्या माणसाशीही शेजारच्या गावातल्या माणसाशी बोलल्यासारखा बोलायचा. सून समोर उभी राहून बोलली तर तिचंही कळायचं. पण नातीचा आवाज पार गेला होता. नात म्हणजे त्यांच्या लेकीची लेक, नऊ वर्षांची, दूरच्या शहरात राहणारी. दर रविवारी सकाळी अकरा वाजता ती मोबाईलच्या पडद्यावर यायची आणि आजोबांना आठवड्याभराचं सगळं सांगायची. तिचे ओठ भराभर हलत, आणि कानसाहेबांपर्यंत पोचायचं ते नुसतं चिकचिक.

त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कोणत्या तोंडानं? लोकांनी तुसडा म्हटलेलं त्यांना चालत होतं. विसरभोळा, हेकट, लहरी, काहीही चाललं असतं. बहिरा नको. खात्यातले जुने सोबती महिन्यातून एकदा चहाला भेटत, तिथं अजूनही कोणी ना कोणी म्हणायचंच, ‘कानसाहेबांसारखा कान पुन्हा होणे नाही.’ आणि कानसाहेब हसून मान डोलवायचे. ह्या वाक्याच्या वेळी सगळे मान डोलवतात हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ऐकू आलं नाही तरी ते चुकत नसत.

लपायला त्यांना फार सोयीची जागा सापडली होती. घरातलं वायफाय भिकार होतं. चित्र अडकायचं, आवाज तुटायचा, माणसाचं तोंड चौकोनी व्हायचं. त्यामुळे नात काही बोलली की कानसाहेब खुशाल ओरडायचे, “आवाज तुटतोय गं!” आणि पडद्यामागून लेक म्हणायची, “राहू दे, आजोबांकडे नेटवर्क नाहीये.” फारच झालं तर अंदाजानं एखादा शब्द टाकायचा. वा! शाब्बास! मग पुढे? लहान मुलांशी बोलायला एवढे तीन शब्द पुष्कळ होतात, अशी त्यांची समजूत होती आणि दोन वर्षं ती खरीही ठरली.

मग मागच्या रविवारी नातीनं सांगितलं की तिचं मांजर मेलं.

कानसाहेबांना दिसलं ते एवढंच, की पोरगी आज नेहमीपेक्षा हळू आणि लांबलचक काहीतरी सांगतेय. चित्र चौकोनी असल्यामुळे डोळ्यांतलं पाणी दिसायचा प्रश्न नव्हता. शाळेत कसलं तरी बक्षीस मिळालं असणार, असं धरून त्यांनी घसा साफ केला आणि भरघोस आवाजात म्हणाले, “शाब्बास! असंच चालू ठेव!”

पडदा बंद झाला. दहा मिनिटांनी लेकीचा फोन मुलाला आला. पोरगी पलंगाखाली जाऊन बसली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि वडिलांकडे वळून, शेजारच्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, घडलेला प्रकार सांगितला.

कानसाहेबांनी बंद पडद्याकडे एकदा बघितलं. पण तोंडातून सवयीनं जे यायचं तेच आलं. “नेटवर्क! मला कुठं काय ऐकू आलं? सारखं तुटत होतं!”

“तेच म्हणतोय मी,” मुलगा म्हणाला. “बस झालं आता. नवीन वायफाय घेऊन टाकू.”

म्हणजे ज्या ढालीमागे ते दोन वर्षं लपले होते, तीच त्यांनी स्वतःच्या हातानं मुलाला काढून दिली. ह्याला काय म्हणावं?

मुलगा ‘घेऊन टाकू’ म्हणाला खरा, पण ह्या मुलाच्या ‘घेऊन टाकू’चा अर्थ घरात सगळ्यांना माहीत होता. तो विमा कंपनीत होता आणि कुठल्याही गोष्टीची दुसऱ्या गोष्टीशी तुलना केल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. पाणी गरम करायची किटली घ्यायला त्यानं तीन महिने लावले होते, आणि ते तीन महिने घर पातेल्यात पाणी उकळत होतं. आता त्यानं लॅपटॉपवर सतरा रकान्यांचा तक्ता उघडला. एक डबा की तीन डब्यांचा संच? अँटेनाची शिंगं असलेला की बिनशिंगांचा? ‘लाल शिंगांचा बघा बाबा, दिसतो कसा!’ असं तो म्हणाला तेव्हा कानसाहेबांना वाटलं, ह्याला बैल घ्यायला पाठवलेलं नाही हे कोणीतरी सांगायला हवं.

खरी घाई सुनेला होती. ती लोकांना स्वयंपाकघरांचे आराखडे काढून द्यायची. मागच्या खोलीत बसून, गिऱ्हाइकाला पडद्यावर कपाटं उघडझाप करून दाखवायची. नेमकी ओट्याची उंची सांगताना ती गोठायची, तीही एक डोळा मिटलेला आणि तोंड उघडलेलं अशी. एका गिऱ्हाइकानं तिचं तसं चित्र टिपून तिलाच पाठवलं होतं, वर हसणारा चेहरा जोडून.

“मला शिंगं-बिंगं काही नकोत,” ती नवऱ्याला म्हणाली. “मला शुक्रवारच्या आत नेट हवंय. शुक्रवारी हॉटेलवाल्यांची मीटिंग आहे. पाच मजल्यांवरची पाच स्वयंपाकघरं आहेत. हे काम मिळालं तर वर्षभर बघायला नको, आणि गेलं तर मी पुन्हा त्या टाइल्सच्या दुकानात उभी.”

“शुक्रवार?” मुलगा तक्त्याकडे बघत म्हणाला. “अजून भिंतींच्या जाडीचा रकाना भरायचाय.”

इथं कानसाहेबांना फट दिसली. “बरोबर बोलतोय तो. आमच्या खात्यात सर्व्हे केल्याशिवाय एक खिळा ठोकत नसत. आधी सर्व्हे, मग खरेदी. मी करतो.”

सासऱ्यांनी एखादी गोष्ट ‘मी करतो’ म्हटली की ती नीट होते किंवा मुळीच होत नाही, हा सुनेचा अनुभव होता. मधलं काही नसायचं.

दुसऱ्या दिवशी सगळे कामात असताना कानसाहेबांनी सर्व्हेला हात घातला. हेतू साफ नव्हता. चार खोल्यांचं चित्र काढायचं, त्यावर भारदस्त आकडे टाकायचे, आणि खाली लिहायचं की ह्या घराच्या भिंतींपुढे कुठलंही वायफाय टिकणार नाही, सबब आहे तेच बरं. पण हातात मोबाईल घेऊन ते खोल्याखोल्यांतून फिरायला लागले आणि घोटाळा झाला. छत्तीस वर्षांची सवय जागी झाली. बाहेरून येणारी लाईन दणदणीत होती. मग दोष घरातच होता. कुठं? ते मागावर निघाले आणि बोळात, स्टीलच्या मोठ्या कपाटावर, पार मागच्या कोपऱ्यात त्यांना वायफायचा काळा डबा सापडला. पुढे कपाटाचा पत्रा, वर माळ्याचा पत्रा, बाजूला इस्त्रीचं लोखंडी टेबल. हा बंदोबस्त सुनेचा होता. घर लावताना ‘हे काळं ध्यान दिसायला नको’ म्हणून तिनंच तो मागे ढकलला होता. दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात सुईलाही जागा नेमून देणाऱ्या बाईनं स्वतःच्या घरात हे केलं होतं.

कानसाहेबांना हसू आलं. त्यांनी डबा काढला, धूळ पुसली, बोळाच्या मधोमध उंच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, आणि मोबाईल बघितला. पुढच्या खोलीत, मागच्या खोलीत, मोरीतसुद्धा सगळ्या रेघा भरलेल्या. त्यांनी जुन्या सोबत्यांचा एक व्हिडिओ लावून पाहिला. सरसर चालला. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्यांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली. बिघाड सापडल्याचा आनंद माणसाला सत्तरीतही सोडत नाही.

तो आनंद पाच मिनिटं टिकला.

मग रविवार डोळ्यांपुढे आला. पडदा स्वच्छ, आवाज स्वच्छ, समोर पोरगी, बाजूला मुलगा आणि सून. आणि मध्ये हे, काहीएक न कळणारे. आवाज तुटतोय म्हणायची सोय नाही. मग काय होणार हे त्यांनी दुसऱ्यांच्या घरी पाहिलं होतं. आधी लोक ओरडून बोलतात, मग थोडक्यात बोलतात, मग तुमच्याशी बोलायचं सोडून तुमच्याबद्दल तुमच्या समोर बोलतात. कानसाहेबांना भीती वाटली. खांबावर विजेचा झटका बसला होता तेव्हाही त्यांना एवढी भीती वाटली नव्हती.

त्यांनी डबा उचलला आणि कपाटावर होता तिथं परत ठेवला. नीट कोपऱ्यात सरकवला. एवढ्यावर भागलं नाही म्हणून की काय, स्वयंपाकघरातला बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा आणून त्याच्यापुढे आडवा लावला. उभ्या आयुष्यात बरी झालेली लाईन त्यांनी पहिल्यांदाच मुद्दाम बिघडवली होती. हात धुतल्यावरही त्यांना बराच वेळ कसंतरी वाटत राहिलं.

संध्याकाळी त्यांनी सर्व्हेचा कागद टेबलावर ठेवला. मुलगा आकडे बघून भारावला. “बघ,” तो बायकोला म्हणाला, “भिंतींचाच प्रॉब्लेम आहे. घाई करण्यात अर्थ नाही.”

शुक्रवार उजाडला. अकराला मीटिंग सुरू झाली आणि सव्वा अकराला मागच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो जाडा आवाज असल्यामुळे कानसाहेबांनाही आला. मुलगा धावत गेला, मागोमाग हेही गेले. सून पडद्याकडे बघत उभी होती. पडद्यावर हॉटेलचे तीन साहेब तीन चौकोनांत थिजले होते, आणि मग तेही गेले.

“तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचले होते,” ती म्हणाली. “सहा वेळा तुटलं. ते म्हणतायत, दुपारी तीनला शेवटचं एकदा बघू. नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे त्यांच्याकडे.” मग ती दाराकडे वळली आणि सासऱ्यांच्या अगदी समोर आल्यावर, कुणावर न रागावता म्हणाली, “जाऊ द्या. माझ्याच कामाच्या नशिबी नेट नाही असं दिसतंय.”

हे वाक्य कानसाहेबांना शब्दन्‌शब्द ऐकू आलं. ऐकू यायला नको होतं तेवढंच नेमकं आलं.

मुलगा एव्हाना लॅपटॉप घेऊन बसला होता. “मी घेतोच आता. तीन डब्यांचा संच. जाऊ दे तो रकाना. पण येणार उद्या सकाळी.”

“थांब,” कानसाहेब म्हणाले. “काही घेऊ नकोस.”

“बाबा, आता पुरे झालं तुमचं!”

“नवीन काही लागत नाही. डबा चुकीच्या जागी आहे. माझी पक्कड आणि शिडी आण.”

मग पुढचे दोन तास ह्या माणसाकडे बघत राहावं असे होते. शिडीवर चढायला सून मागून नको म्हणत होती, ते त्यांना ऐकू आलं नाही आणि आलं असतं तरी उपयोग नव्हता. त्यांनी बोळाच्या मध्यावर, छताखाली हातभर, लाकडी फळी मारली. तिच्यावर काळा डबा बसवला. तार चौकटीच्या कडेनं अशी नेली की सुनेलाही नाव ठेवता येऊ नये, वीतभर अंतरावर एक असे चाप ठोकले. कपाटावरून डबा काढताना मुलाच्या हातात बिस्किटांचा डबा आला. “अरे! हा दोन दिवस शोधतोय मी!” असं म्हणून त्यानं तिथंच बैठक मारली आणि खायला सुरुवात केली. बिस्किटं कपाटावर चढली कशी, हा विचार त्याच्या डोक्यात आला नाही. सुनेच्या आला. तिनं डब्याकडे बघितलं, मग शिडीवरच्या पायांकडे बघितलं, आणि शिडी धरून उभी राहिली.

तीनला मीटिंग सुरू झाली ती पावणेपाचला संपली. एकदाही तुटलं नाही. सून बाहेर आली ती हसत, आणि तिनं काम मिळाल्याचं आधी सासऱ्यांना सांगितलं. समोर उभं राहून, सावकाश.

म्हणजे नवीन वायफाय घेऊ नये हे कानसाहेबांचं म्हणणं अखेर सगळ्यांनी मान्य केलं. सतरा रकान्यांचा तक्ता वाया गेला. मुलगा दिवसभर ‘काय बाबा, मानलं तुम्हाला’ म्हणत फिरत होता. एवढा दणदणीत विजय मिळालेला माणूस शनिवारी रात्री जेवला नाही.

रविवारी अकरा वाजता मोबाईल साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला आणि तिघं टेबलाशी बसले. पडदा उजळला.

“बाबा!” लेक ओरडली. “किती स्पष्ट दिसताय! हनुवटीखाली दाढी राहिलीय तुमची.”

मग तिनं पोरीला पुढे ओढलं. पोरगी खुर्चीत बसली, हाताची घडी घालून. कानसाहेबांनी दोन वर्षांत पहिल्यांदा तिला नीट बघितलं. कोपरावर खरचटलेलं होतं. चेहरा लांबट झाला होता. ती बोलायला लागली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. चिकचिक. मग ती थांबली आणि वाट बघू लागली.

कानसाहेबांच्या जिभेवर ‘वा!’ येऊन बसला होता. त्यांनी तो गिळला. “आवाज जरा तु—”

“कुठं तुटतोय?” मुलगा आनंदानं गरजला. “फुल्ल रेंज आहे बाबा! तुम्हीच तर दुरुस्त केलंत!”

पोरगी अजून वाट बघत होती. आता तिच्या कपाळावर आठी पडली होती. खुर्चीतून उठायच्या बेतात होती ती. एकदा उठली की पुढच्या रविवारी बसणार नाही, हे कानसाहेबांना न ऐकता कळलं.

“लाईन साफ आहे,” ते म्हणाले. “बिघाड माझ्या कानात आहे. मला तू बोललेलं ऐकू येत नाही गं. मांजराचंही आलं नव्हतं. नेटवर्कचं मी खोटं सांगत होतो.”

सगळं शांत झालं. कोणीच बोलत नव्हतं, की बोलत होतं आणि त्यांना ऐकू येत नव्हतं, हे कळायला काही मार्ग नव्हता. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. कोणाचे ओठ हलत नव्हते. मुलाच्या हातातलं बिस्किट चहात पडून विरघळलं होतं. सुनेनं टेबलावरचा त्यांचा हात धरला होता, कधी ते त्यांना कळलंच नव्हतं.

पडद्यावरची खुर्ची रिकामी झाली. पोरगी उठून गेली होती.

गेली, असं कानसाहेब मनाशी म्हणाले. रडू नये म्हणून ते बरणीतल्या साखरेकडे बघू लागले. सुनेनं त्यांचा हात हलवला तेव्हा त्यांनी मान वर केली. पोरगी परत आली होती. तिच्या हातात शाळेची वही होती आणि जाड निळं पेन. तिनं पान पडद्यासमोर धरलं. अक्षर वेडंवाकडं होतं, पण प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा स्वच्छ दिसत होती.

‘कधीपासून?’

“दोन वर्षं,” कानसाहेब म्हणाले.

ती लिहायला वाकली. केसांचा भांग दिसला. पान पुन्हा वर आलं. ‘मग मी सांगितलेलं काहीच नाही कळलं?’

“नाही.”

तिनं पेनचं टोक चावत विचार केला. बराच केला. लेक मागून काहीतरी बोलली, तिला तिनं हातानंच गप्प केलं. मग पान उलटलं आणि लिहिलं, ‘परत पहिल्यापासून सांगते. वेळ आहे ना?’

“आहे,” कानसाहेब म्हणाले. “खूप आहे.”

तिसऱ्या पानावर एकच ओळ होती. ‘माझा दात पडला.’

“कुठला?” त्यांनी विचारलं.

तिनं तोंड मोठं उघडलं, पडद्याच्या अगदी जवळ आली आणि बोट लावून दाखवला. तिथं नवा दात येऊन कधीचा मोठा झाला होता.